घड्याळ चुकलं, पण कितीनं?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाची वेळ साडेसहा छापली आहे. आता पावणेसात होऊन गेले. सूत्रसंचालकांनी उशिराबद्दल माझी क्षमा मागितली. मी म्हटलं, अहो, क्षमा कसली? आपलं हैदराबाद ज्या रेखांशावर आहे, तिथला सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सोळा मिनिटं मागे असतो. तेव्हा सूर्याच्या हिशेबानं आपण अगदी वेळेवर सुरू करतोय!

चिटणीसबाईंनी मला ‘संगणकाची काळजी’ असा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि मोदक गार होताहेत, म्हणून मी त्यातली एकच गोष्ट निवडली. संगणकाचं घड्याळ. पस्तीस वर्षं मी या शहरात संगणक दुरुस्तीचं काम केलं. सिकंदराबादपासून मलकपेटपर्यंत किती कचेऱ्या, किती दवाखाने, किती दुकानं पालथी घातली याची मोजदाद नाही. त्यातून शिकलेली एक गोष्ट आज सांगणार आहे, आणि ती शिकताना माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे.

सुरुवात वडिलांपासून करतो. काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घरात लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ होतं. दर रविवारी अंघोळ झाली की वडील स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचे. त्याआधी रेडिओ लावायचे. बातम्यांच्या आधी ते पिप्‌ पिप्‌ वाजायचं, त्यावर नजर घड्याळाकडे. आता घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर आपण काय करू? काटा मागे घेऊ आणि मोकळे होऊ. वडील तसं करत नसत. घड्याळाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर ते आधी लिहायचे, ‘अधिक दोन’. पुढच्या रविवारी, ‘अधिक दोन’. त्याच्या पुढच्या, ‘अधिक तीन’. मग लंबकाखालचा स्क्रू फिरवून लंबक केसभर खाली घ्यायचे, म्हणजे तो जरा सावकाश हलतो. आणि सगळ्यात शेवटी काट्याला हात. मी एकदा विचारलं, “बाबा, लिहायचं कशाला? वेळ तर लावलीच ना?” ते म्हणाले, “काटा फिरवला की घड्याळ बरोबर दिसतं. बरोबर चालत नाही.”

हे वाक्य मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

तर, संगणकात घड्याळ कुठे असतं? स्क्रीनच्या कोपऱ्यात जी वेळ दिसते ती म्हणजे घड्याळाची फक्त तबकडी. खरी घड्याळं आत आहेत, आणि एक नाही, दोन आहेत. तिसरं घराबाहेर आहे.

पहिलं घड्याळ मदरबोर्डवर असतं. त्याला आम्ही आरटीसी म्हणतो. मी त्याला डब्यातलं घड्याळ म्हणेन. संगणक बंद असला, वायर काढून ठेवली, तरी ते चालू असतं, कारण त्याला स्वतःचा सेल आहे. रुपयाच्या नाण्यासारखा, तीन व्होल्टचा, वर सीआर२०३२ असं लिहिलेला. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो हिशेबानं निवडलेला आहे. ३२,७६८ ला दोननं पंधरा वेळा भागलं की बरोबर एक उरतो. म्हणजे निम्मे करत जाणारे पंधरा टप्पे लावले की सेकंदाला एक ठोका मिळतो. आपल्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच आकडा आहे.

हे डब्यातलं घड्याळ पहिल्यापासून नव्हतं बरं का. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला त्यात ते नव्हतं. रोज सकाळी मशीन चालू केलं की ते विचारायचं, आज तारीख काय? घाईत असलेला माणूस उत्तर न देता नुसतं एंटर दाबायचा. मग मशीन समजायचं, आज १ जानेवारी १९८०. अशा तारखा पडलेल्या फायली मी ढिगानं पाहिल्या आहेत. सेलवरचं घड्याळ आयबीएमनं १९८४ च्या पीसी-एटी मध्ये दिलं.

दुसरं घड्याळ म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, जी काही प्रणाली असेल, ती स्वतः मोजते ते. मशीन सुरू होताना ती डब्यातल्या घड्याळाकडे एकदा बघते, किती वाजले? तिथून पुढे ती आपली आपण मोजते. हे समजायला आपलं घटिकापात्र आठवा. पाण्यावर भोक असलेलं भांडं सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. भांडं काढायचं, रिकामं करायचं, पुन्हा सोडायचं, आणि एक घटका झाली म्हणून नोंद करायची. साठ घटका झाल्या की एक अहोरात्र. संगणकातही असंच भांडं आहे, त्याला टायमर म्हणतात. जुन्या पीसीत ते सेकंदाला साधारण १८.२ वेळा बुडायचं आणि दर वेळी प्रोसेसरला हाक मारायचं, ‘झालं, मोजा.’

आता बघा, भांड्याजवळ बसलेल्या माणसाला डुलकी लागली तर? भांडं बुडलं, पण नोंद झाली नाही. एक घटका हरवली. संगणकातही प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि हाक ऐकू आली नाही, तर तेवढे ठोके हरवतात आणि घड्याळ मागे पडतं. म्हणून पुढे वेगळी पद्धत आली. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरमध्येच एक मोजणी बसवली, प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला एक आकडा वाढतो. हाक ऐकायची गरजच नाही, हवं तेव्हा आकडा वाचायचा. पण वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग कमी-जास्त करू लागले, एकाच्या जागी दोन, चार प्रोसेसर आले, आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. लिनक्सला अशी शंका आली तर ते त्या मोजणीवर ‘अस्थिर’ असा शिक्का मारतं आणि दुसऱ्या, जरा सावकाश वाचल्या जाणाऱ्या पण भरवशाच्या टायमरकडे वळतं. ही नोंद मशीनच्या रोजनिशीत सापडते. आताचे प्रोसेसर बरेच सुधारले आहेत, त्यांची ही मोजणी एकाच वेगानं चालते.

आणि तिसरं, बाहेरचं घड्याळ. आपल्या देशाची अधिकृत वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, अणुघड्याळांवर राखली जाते. इंटरनेटवरून संगणक अशा एखाद्या वेळ-सर्व्हरला विचारतो, किती वाजले, आणि उत्तर यायला लागलेला वेळ वजा करून आपलं घड्याळ जुळवतो. या पद्धतीला एनटीपी म्हणतात. डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी ती १९८५ मध्ये मांडली.

तीन घड्याळं लक्षात आली? डब्यातलं, मोजणीचं आणि बाहेरचं. आता घड्याळ चुकलं, की यातलं कुठलं चुकलं हे कसं ओळखायचं? इथे वडिलांचा कागद कामाला येतो. पहिला प्रश्न: कितीनं चुकलं? दुसरा: केव्हा चुकलं? चुकीचं मापच तुम्हाला कारण सांगतं.

समजा, सकाळी संगणक उघडला आणि तारीखच अनेक वर्षं मागे गेलेली दिसली. मग जवळजवळ नक्की सेल संपला आहे. मशीन त्याच्या आरंभाच्या तारखेला परत गेलं. ब्राउझर म्हणायला लागतो की ही वेबसाइट सुरक्षित नाही, बँकेचं पान उघडत नाही. घाबरू नका, बँक बुडालेली नाही. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटला मुदतीचा दाखला असतो. तुमच्या संगणकाला वाटतं आज जुनी तारीख आहे, म्हणजे हा दाखला अजून सुरूच झालेला नाही. खात्री कशी करायची? वेळ लावा, संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी विंडोज सुरू व्हायच्या आधी, बायॉसच्या पडद्यावर वेळ बघा. विंडोज सुरू होऊ दिलंत तर ते इंटरनेटवरून वेळ आणून चूक झाकून टाकेल. बायॉसमध्ये वेळ गेलेली असेल तर सेल बदला. हा सेल किराणा दुकानातही मिळतो. आपल्याच एका सभासदांना एका दुकानदारानं ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं होतं आणि किंमतही सांगितली होती. सेल बदलला, मशीन अजून चालतंय. काही लॅपटॉपमध्ये मात्र वेगळा सेल नसतो, डब्यातलं घड्याळ मोठ्या बॅटरीवरच चालतं. तिथे उघडाउघड करू नका.

दुसरा प्रकार. घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद पुढे किंवा मागे जातं. हा दोष नाही, हा स्फटिकाचा स्वभाव आहे. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ मिनिट. हा स्फटिक साधारण पंचवीस अंशांना नीट चालावा असा कापलेला असतो. त्याहून उष्ण झालं तरी तो मंदावतो, थंड झालं तरी मंदावतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, बंद खोलीत पंचेचाळीस अंशांवर ठेवलेलं मशीन दिवसाला सेकंदभर मागे पडलं तर त्यात नवल नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू ठेवा, प्रश्न मिटला.

तिसरा प्रकार. सकाळी सुरू करताना वेळ बरोबर, संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं मागे, आणि बंद करून चालू केलं की पुन्हा बरोबर. म्हणजे डब्यातलं घड्याळ ठीक आहे, मोजणी चुकते आहे. भांड्याजवळच्या माणसाला डुलकी लागते आहे. इथे सेल बदलून उपयोग नाही. बायॉसची आणि प्रणालीची सुधारित आवृत्ती घालावी लागते, किंवा एखादं जुनं उपकरण मशीनला अडवून धरत असेल ते शोधावं लागतं.

मोजणीतली बारीक चूक साचत जाऊन काय करू शकते याचं एक उदाहरण सांगतो. १९९१ च्या आखाती युद्धात, २५ फेब्रुवारीला, सौदी अरेबियात धाहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रं तैनात होती. त्यांचा संगणक सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचा. आपल्याला एक-दशांश म्हणजे सरळ आकडा, पण संगणकाच्या दोनच्या पाढ्यात तो पूर्ण लिहिता येत नाही, शेपूट कापावं लागतं. ते कापलेलं शेपूट दर ठोक्याला साचत गेलं. मशीन सलग शंभर तास चालू होतं. चूक झाली होती सेकंदाचा साधारण एक-तृतीयांश. तेवढ्या वेळात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. पॅट्रियटनं आकाशात भलतीकडे पाहिलं, आणि अठ्ठावीस सैनिक मेले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिथे पोचला दुसऱ्या दिवशी. मशीन मधून मधून बंद करून चालू केलं असतं तरी चूक पुन्हा शून्यापासून सुरू झाली असती.

आता चौथा प्रकार, आणि हा आपल्या भारतीयांचा खास. घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेलं असतं. ना एक मिनिट इकडे, ना तिकडे.

हा समजून घेण्यासाठी जुन्या मुंबईत जाऊ. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे धरली गेली. पण मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. मुंबईकरांनी ती सोडायला नकार दिला. रेल्वे एका वेळेनं धावायची आणि शहरातली घड्याळं दुसऱ्या वेळेनं, आणि ‘मुंबई टाइम’ अगदी १९५५ पर्यंत टिकून होता. पाहुणा ‘सहाला येतो’ म्हणाला की विचारायचं, कुठले सहा? आपल्याकडेही तसंच. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी निजामाच्या काळातले जमिनीचे कागद असतील, त्यांवर फसली सन आहे. १३५० वाचून कोणी म्हणत नाही की कागद शिवाजी महाराजांच्या आधीचा आहे. आपण मनात ५९० मिळवतो. आकडा चूक नसतो, तो कुठल्या हिशेबातला आहे एवढं माहीत असावं लागतं.

संगणकाचाही असा एक शक आहे. युनिक्स आणि लिनक्सचं कालमापन १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून सुरू होतं. त्या वेळी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणून कधी फोनवर एखाद्या फोटोला ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०’ अशी वेळ दिसली, तर समजा की मशीनला वेळ माहीतच नव्हती आणि त्यानं शून्य लिहिलं.

पण साडेपाच तासांचा मोठा घोटाळा वेगळा आहे. विंडोज डब्यातल्या घड्याळात आपली स्थानिक वेळ लिहून ठेवतं. लिनक्स तिथे ग्रीनिचची वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. एकाच मशीनवर दोन्ही असतील तर काय होईल? डबा एक, घड्याळ एक, आणि त्यात डोकावणारे दोघं. एक म्हणतो हा मुंबई टाइम, दुसरा म्हणतो हा प्रमाणवेळ.

इथे माझी चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरातली एक छोटी पतपेढी. नाव सांगत नाही. बरीचशी मराठी माणसांचीच होती. पिग्मी ठेवी गोळा करणारे एजंट संध्याकाळी सहा ते साडेआठ पैसे आणून भरायचे आणि एक ताई त्या नोंदी संगणकावर करायच्या. हिशेबाचा प्रोग्रॅम लिनक्सवर होता, कोणा ओळखीच्या हुशार मुलानं करून दिलेला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, कोपऱ्यात घड्याळ वगैरे काही नाही. त्याच मशीनवर विंडोजही होतं, कारण सभासदांना मराठीत पत्रं आणि सूचना छापायच्या तर मराठी टंकलेखनाची सोय त्यात होती.

एका लेखापरीक्षणात असं निघालं की काही आठवड्यांत, रात्री साडेबारा, एक, पावणेदोन अशा वेळी ताईंच्या पासवर्डनं रकमा भरल्या गेल्या आहेत. हातानं लिहिलेल्या कीर्दीत त्या चौदा तारखेला, संगणकात पंधरा तारखेला, मध्यरात्रीनंतर. मेळ बसेना. समितीनं अर्थ काढला की ताई संध्याकाळचे पैसे घरी नेतात, वापरतात, आणि मागाहून कोणाकडून तरी नोंद करून घेतात. चावी शिपायाकडे असायची, म्हणून त्यालाही धरलं. ताईंना घरी बसवलं. त्यांचे यजमान नव्हते, मुलगा बारावीत होता.

मला बोलावलं ते मशीन तपासायला. मी तपासलं. सेल चांगला होता, डिस्क चांगली होती, नोंदींशी कोणी छेडछाड केल्याची खूण नव्हती. समितीनं विचारलं, “मशीन चुकीची वेळ लिहू शकतं का?” मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मशीनची वेळ पाहिली, दोन्ही जुळत होत्या. मी म्हणालो, “मशीन खोटं बोलत नाही साहेब.” ताई तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

घरी आलो. जेवताना अन्न गोड लागेना. कारण एक गोष्ट मी केली नव्हती. मी कागदावर लिहून पाहिलं नव्हतं, कितीनं?

दुसऱ्या दिवशी पतपेढीत जाऊन कीर्द मागितली. ताईंची एक सवय होती, एजंटची सही घेताना शेजारी वेळ लिहायची, मनगटावरच्या घड्याळातली. मी दोन रकाने मांडले. कीर्दीत ७.०५, संगणकात १२.३५. कीर्दीत ७.४०, संगणकात १.१०. कीर्दीत ८.१०, संगणकात १.४०. प्रत्येक ओळीत साडेपाच तास. एक मिनिट चुकत नव्हतं. पैसे उशिरा भरणारा माणूस दर वेळी बरोबर साडेपाच तासांनीच कसा भरेल?

मग मी फक्त रात्रीच्या नोंदी न बघता त्या दिवसांच्या सगळ्या नोंदी काढल्या. समितीनं फक्त रात्रीच्या काढल्या होत्या. त्या आठवड्यांत दुपारी साडेतीनच्या आधीची एकही नोंद नव्हती. सकाळी दहाला उघडणारी पतपेढी त्या दिवसांत सकाळभर रिकामी होती काय? नव्हती. सकाळी सव्वादहाची रक्कम संगणकात पावणेचारला लागली होती. पण दुपारी पावणेचारला रक्कम भरली तर कोणाला संशय येतो? संध्याकाळी साडेसहानंतरची रक्कम मात्र मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या तारखेत जात होती.

असं का व्हायचं? कधी तरी पत्रं छापायला कोणी विंडोज सुरू करायचं. डब्यात लिनक्सनं लिहिलेली ग्रीनिचची वेळ असायची, विंडोज तीच स्थानिक समजून दाखवायचं. कोपऱ्यात सकाळचे अकरा वाजायच्या ऐवजी साडेपाच दिसायचे. बघणारा सज्जन माणूस म्हणायचा, ‘अरे, घड्याळ बिघडलं वाटतं,’ आणि वेळ बरोबर करून ठेवायचा. झालं. आता डब्यात स्थानिक वेळ गेली. नंतर लिनक्स सुरू केलं की ते त्यात आणखी साडेपाच तास मिळवायचं, आणि काळ्या पडद्यावर ते कोणाला दिसायचं नाही. शनिवारी टेलिफोनवरून इंटरनेट जोडलं जायचं, तेव्हा लिनक्स आपोआप बाहेरची वेळ आणून स्वतःला दुरुस्त करायचं. म्हणजे दर शनिवारी पुरावा पुसला जायचा. मी तपासायला गेलो तो सोमवार होता, आणि त्या शनिवारनंतर कोणी विंडोज उघडलेलं नव्हतं. म्हणून मला मशीन शहाण्यासारखं दिसलं.

समितीपुढे मी हे करून दाखवलं. विंडोज सुरू केलं, वेळ ‘दुरुस्त’ केली, लिनक्स सुरू केलं, आणि एक रुपयाची नोंद केली. संध्याकाळी सात वाजता केलेली नोंद साडेबाराची लागली. अध्यक्षांनी ताईंना दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं, सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त केली. शिपायाचीही. दुरुस्ती किती होती? लिनक्सला एका ओळीत सांगितलं की डब्यातली वेळ स्थानिक आहे. आपल्या देशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत नाही, म्हणून ही सोय आपल्याकडे चालून जाते. नाही तर उलट, विंडोजलाच ग्रीनिचची वेळ ठेवायला सांगता येतं. कसंही करा, दोघांचं एकमत झालं पाहिजे.

मी ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्या दिवशी मला फक्त एकदा विचारायचं होतं ना, तुमच्या घड्याळात किती वाजले होते म्हणून.”

मंडळी, मला यावर उत्तर नव्हतं. मशीन खोटं बोलत नव्हतं हे खरंच होतं. पण त्याला जे सांगितलं होतं तेच ते सांगत होतं, आणि त्याला काय सांगितलंय हे मी विचारलं नव्हतं.

आज तर प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का आहे. हजेरीच्या यंत्रावर आहे, दुकानाच्या बिलावर आहे, सीसीटीव्हीच्या चित्रावर आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं कंपन्यांना आणि कार्यालयांना आदेश दिला की आपली यंत्रं राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जोडून ठेवा. कारण उद्या काही घडलं आणि दहा यंत्रांच्या नोंदी दहा वेळा सांगायला लागल्या, तर खरं काय ते कळणार कसं? मोठ्या कंपन्या हे करतील. पण आपली सोसायटी, आपलं दुकान, आपलं हे मंडळ? मघाशी आत येताना मी प्रवेशद्वाराच्या कॅमेऱ्याचा पडदा बघितला. तो अकरा मिनिटं पुढे आहे. वेळ लावून टाकू नका. आधी वहीत लिहा, आजची तारीख, अधिक अकरा. मग लावा. महिन्यानं पुन्हा बघा.

घरी गेल्यावर एवढंच करा. संगणकात तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू आहे ना, बघा. टाइम झोनमध्ये साडेपाचचा आकडा आणि भारताचं शहर आहे ना, बघा. मुलं-नातवंडं परदेशातून येऊन लॅपटॉप वापरून गेली असतील तर तो कधी कधी अमेरिकेतच राहिलेला असतो! फोनवर दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा देणारं ॲप तुम्ही वापरत असाल आणि तो आकडा चालत नसेल, तर पासवर्ड बदलायच्या आधी फोनची वेळ बघा, कारण तो आकडा वेळेवरूनच काढलेला असतो. आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक तारीख. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रांत आकडा लिहायची जागा त्या क्षणी संपते, आणि पुढच्या सेकंदाला ती १९०१ सालात जातात. नवी यंत्रं सुधारलेली आहेत, जुनी कुठे कुठे भिंतीत, लिफ्टमध्ये दडून बसली असतील. ती शोधायचं काम तुमचं.

वडिलांचं ते घड्याळ आता माझ्याकडे आहे. दारामागचा कागद पिवळा पडलाय, पण आकडे वाचता येतात. शेवटचा आकडा त्यांच्या हातचा आहे, ‘उणे एक’. त्याखाली मी लिहितो.

आरतीची वेळ झाली. कुठल्या वेळेनं ते विचारू नका, घंटा वाजते आहे.

गणपती बाप्पा मोरया!